परक्या मापाने आपले निदान

मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी विशी-पंचविशीतील तरुणाला मधुमेह जडला, की तो कोणत्या प्रकारचा हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. पहिल्या प्रकारात इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होत असल्याने रोगी इन्शुलिनवाचून जगत नाही. दुसऱ्यात बहुधा गोळ्या व पथ्य यांवर भागते. युरोपात वय व स्थूलता पाहून बराचसा निवाडा होतो. आपल्याकडे दुसरा प्रकारही तरुण वयात, सडपातळ शरीरात आढळत असल्याने ती खूण फसवी ठरते.

अशा वेळी जनुकांवरून काढलेला जोखमीचा गुणांक उपयोगी पडावा, ही अपेक्षा रास्तच होय. परंतु असे गुणांक ज्या पाहण्यांवर उभारले गेले, त्यांत २०१९ च्या सुमारास ७९ टक्के माणसे युरोपीय वंशाची होती. मोजणाऱ्यांनी आपली माणसे मोजली, यात त्यांना दोष देता येत नाही. आपण आपली मोजली नाहीत. शिवाय गुणांकातील खूण पुष्कळदा रोगाचे कारण नसते, कारणाच्या शेजारी असते. हा शेजार वंशपरंपरेने ठरतो. लोकसमूह बदलला, की खूण सापडली तरी तिच्यालगत कारण असेलच असे नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादची सीसीएमबी व इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ येथील संशोधकांनी पहिल्या प्रकाराचा युरोपीय गुणांक पुण्याच्या रुग्णांवर पडताळला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तो दोन्ही प्रकार वेगळे करू शकला, मात्र युरोपीयांइतक्या अचूकपणे नव्हे. याची दुसरी बाजूही आहे. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील २५ अक्षरांचा लोप सुमारे ४ टक्के भारतीयांत असतो व तो हृदयविकाराची जोखीम वाढवतो, असे २००९ मध्ये दाखवले गेले. युरोपीयांत तो जवळजवळ नाहीच. मग त्यांच्या पाहणीत तो सापडणार कसा?

'जीनोम इंडिया' प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकमाहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली. हे पाऊल स्वागतार्ह खरे. परंतु ही माहिती निरोगी माणसांची आहे. पुढे कोणास कोणता रोग झाला, ही वर्षानुवर्षांची नोंद तिला जोडल्यावाचून भाकीत निघत नाही. त्यातच शतकानुशतके जातीतल्या जातीत विवाह होत आलेल्या या देशात पुण्याचे माप मेहकरलाही आपोआप लागू पडेल, असे मानता येत नाही. ती नोंद प्रयोगशाळेत नव्हे, तालुक्याच्या रुग्णालयातील केसपेपरावर व्हावयाची आहे. आणि तो केसपेपर आज बहुधा रुग्णाच्या पिशवीतच फाटून जातो.