वकील दावर आणि न्यायमूर्ति दावर

राजकीय खटले चालविणाऱ्या न्यायाधीशाचें माप कशानें घ्यावयाचें, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा एखादा निकाल मनाविरुद्ध गेला म्हणजेच निघतो. मनाजोगता निकाल लागला कीं आपण पेढे वाटून मोकळे होतों. म्हणून ज्याच्या निकालाविषयीं महाराष्ट्रांत आतां दोन मतें उरलेलीं नाहींत, अशा एका न्यायाधीशाची कारकीर्द आम्ही आज विचारासाठीं घेतों.

न्यायमूर्ति दिनशा दावर यांचें नांव निघतांच लोकमान्यांची सहा वर्षांची हद्दपारी आठवते. परंतु हेच दावर १८९७ सालीं राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यांत टिळकांच्या बाजूनें उभे होते. न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनीं जामीन नाकारल्यानंतर न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें तोच अर्ज बॅ. दावर यांनीं पुन्हां मांडला आणि तो मंजूर झाला. आरोपी सुनावणीस हजर राहील ना, त्याला बचावाची तयारी करतां येईल ना, हा जामिनाचा खरा प्रश्न होय, हें त्यांना कोणीं शिकवावयास नको होतें.

अकरा वर्षांनीं, जुलै १९०८ मध्यें, आरोपी तेच, कलम तेंच, अर्ज तोच. मात्र बॅ. जिना वकिलाच्या जागीं आणि दावर न्यायपीठावर! अर्ज नामंजूर झाला. आणि कारणें सांगणें सद्यःस्थितींत इष्ट नाहीं, असें न्यायमूर्तींनीं सांगितलें. आमच्या मतें त्या खटल्यांतील सर्वांत जड वाक्य हेंच. शिक्षा कठोर असली तरी तिच्यावर टीका करतां येते, अपील करतां येतें. परंतु न सांगितलेल्या कारणाला उत्तर तरी काय द्यावें?

पुढें १३ जुलैपासून २२ जुलैपर्यंत खटला चालला. लेख मराठी, जूरीचे नऊ गृहस्थ, त्यांत सात युरोपियन. खास जूरीस बचावपक्षाचा विरोध होता, तो मानला गेला नाहीं. ज्या शब्दांवरून माणसाला देशाबाहेर धाडावयाचें, ते शब्द जूरीनें भाषांतरांतून वाचावयाचे, आणि भाषांतर चुकीचें आहे हें आरोपीनेंच उभें राहून सांगावयाचें! लोकमान्य एकवीस तासांहून अधिक बोलले. अखेर सात विरुद्ध दोन असा जूरीचा कौल पडला. निकाल जूरीचा, न्यायाधीशानें काय करावें, असें दावरांच्या वतीनें कोणी म्हणेल. पण त्या वेळच्या फौजदारी कायद्यांत अशा बहुमताला न्यायाधीशाची संमति लागे. संमति नसेल तर त्याला जूरी बरखास्त करतां येत असे. दावरांनीं संमति दिली आणि आरोपीचें मन रोगट व बुद्धि विकृत ठरवून रात्रीं दहाच्या सुमारास शिक्षा सांगितली.

दावर अडाणी नव्हते. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत न्या. बीमन यांच्यासह त्यांनीं पारशी पंचायतीच्या दाव्याचा निकाल दिला. तो कायद्याचे अभ्यासक आजहि वाचतात. बरें, एतद्देशीय न्यायाधीश दबतो व गोरा दाबतो असाहि नियम नाहीं. १९१६ सालीं टिळकांना जामिनकीच्या जाचांतून सोडविणाऱ्या दोघां न्यायमूर्तींत बॅचलर हे इंग्रजच होते.

मग दावरांना 'सर' पदवी मिळाली. वकीलमंडळींनीं मेजवानी योजली, तेव्हां जिनांनीं परिपत्रकावर लिहिलें कीं सरकारच्या मनासारखें करून व एका थोर देशभक्ताला तुरुंगांत धाडून जी पदवी मिळाली, तिच्यासाठीं मेजवानी देण्याची बारला लाज वाटावी. दावरांनीं त्यांना बोलावून विचारलें, मी तुम्हांला नेहमी नीट वागविलें ना? जिना म्हणाले, वागविलें. पण जें खरें वाटलें तें लिहिलें. जिनांचे एकेकाळचे सहायक छगला यांनीं ही हकीकत सांगितली आहे. याच छगलांनीं मुख्य न्यायाधीश या नात्यानें १९५६ सालीं हायकोर्टांत लोकमान्यांच्या उद्गारांची शिला उघडली.

पदवीसाठीं शिक्षा दिली, असें आम्ही म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं. परंतु पदवी घेतल्यावर तसें झालें नाहीं हें सिद्ध करण्याचा मार्गहि दावरांनीं स्वतःच बंद करून टाकला. फिर्यादी सरकार आणि बक्षीस देणारेंहि सरकार. मधें बसलेल्या माणसाचें अंतःकरण कोण उघडून पाहणार?

सर आणि रावबहादुर गेले; बक्षिसें राहिलीं. २०१४ सालीं एक निवृत्त सरन्यायाधीश राज्यपाल झाले, २०२० सालीं दुसरे राज्यसभेवर नेमले गेले. दोन्ही नेमणुका निरनिराळ्या निकालांच्या स्मरणार्थ चर्चिल्या गेल्या, आणि दोघेहि निर्दोष असतील तरी ती चर्चा थांबविण्याचा उपाय त्यांच्याजवळ नव्हता. निवृत्त सर्वोच्च न्यायमूर्तीनें वकिली करूं नये, एवढें घटनेनें सांगितलें. सरकारी जागा घेऊं नये, हें सांगितलें नाहीं. विधि आयोगानें १९५८ सालच्या चौदाव्या अहवालांत सर्वोच्च न्यायालयापुरती तशी स्पष्ट शिफारस केली होती. ती हायकोर्टांसहि लागू करून घटनादुरुस्ती व्हावी, आणि राजकीय खटल्यांत जामीन नाकारतांना लेखी कारणें दिल्यावांचून हुकूम पुरा समजूं नये, हीं दोन कलमें एखाद्या खासदारानें खासगी विधेयक म्हणून तरी मांडावींत. मसुदा करून देण्यास या शहरांतले पुष्कळ वकील बिनाफी बसतील.