कुलूप आहे, पण द्वारपाल जागा आहे का?

शिवकालीन पत्रांचे मूळ कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर जिथे संपे, तिथे मर्यादेची लहान मुद्रा, म्हणजेच मोर्तब उमटवले जाई. वरचा शिक्का पत्र कोणाचे हे सांगे. खालचे मोर्तब मजकूर इथे संपला, यापुढे कोणी अक्षर घालू नये, याची ग्वाही देई. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आज आपण कोणत्याही निर्णयाच्या बाबतीत सहज वापरून जातो, पण त्यामागे राज्यकारभाराची एक कठोर शिस्त होती. पत्र कोणाच्या दृष्टीस न पडता पोहोचवणे, हा तिचा एक भाग. ते खरोखर त्याच हातचे आहे आणि वाटेत बदललेले नाही याची खातरजमा करणे, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा.

तीन-साडेतीन शतकांनंतर आपण सारे दिवसातून कितीतरी वेळा असेच पत्र धाडत असतो. पतसंस्थेच्या ॲपवर खात्यातील शिल्लक पाहतो, मुलाचे शाळेचे शुल्क भरतो, आईच्या रक्ततपासणीचा अहवाल मागवतो. बोट टेकवण्याचा अवकाश, की निरोप निघतो. घरातील वा रेल्वेस्थानकावरील वायफाय, दूरसंचार कंपनीच्या तारा आणि वाटेतील अनेक यंत्रे यांच्या हातून तो सर्व्हरपर्यंत जातो. ही सारी यंत्रे म्हणजे अनोळखी जासूद. त्यांपैकी एखादा फितूर निघाला तर? त्या निरोपावर शिक्कामोर्तब आहे का, आणि असल्यास ते कोणी तपासते का?

हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचा आहे, अशी आपली समजूत आहे. ती सोडून देण्याची वेळ आली आहे.

कुलपाची घडण

मोबाईलमधील ॲप आणि दूरचा सर्व्हर यांच्यातील संभाषण सुरक्षित करणाऱ्या पद्धतीला आज 'टीएलएस' म्हणतात. तिची मूळ आवृत्ती नेटस्केप या अमेरिकन कंपनीने १९९५ च्या सुमारास आपल्या ब्राउझरसाठी आणली. १९९९ मध्ये तिला टीएलएस हे नाव मिळाले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिची १.३ ही आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ मध्ये रीतसर निवृत्त करण्यात आल्या.

हिचे काम तीन पदरी आहे. निरोप तिसऱ्याला वाचता येऊ नये, हे पहिले. तो वाटेत बदलता येऊ नये, हे दुसरे. आणि समोर बसलेला तोच आहे ना, याची ओळख पटवणे, हे तिसरे.

पहिल्या दोन कामांमागचे गणित विलक्षण आहे. डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की पूर्वी कधीही न भेटलेल्या दोन व्यक्ती भर बाजारात, सर्वांच्या देखत बोलूनही एका समान गुपितापर्यंत पोहोचू शकतात आणि ऐकणाऱ्यांना ते गुपित कळत नाही. त्या गुपितातून किल्ली तयार होते, किल्लीने निरोप कुलूपबंद होतो. हे कुलूप बळाने फोडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

खरी नाजूक जागा तिसऱ्या कामाची आहे. गणित तुम्हाला गुप्त बोलणे करून देते, पण कोणाशी बोलत आहात ते सांगत नाही. बँकेच्या जागी भामटा बसला असेल, तर त्याच्याशी होणारे बोलणेही तितकेच गुप्त राहील आणि तुमचा पासवर्ड वाटेत अजिबात न फुटता सुखरूप त्याच्या हाती पडेल!

म्हणून प्रमाणपत्रांची व्यवस्था उभी राहिली. सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर त्याचे नाव, मुदत, त्याची सार्वजनिक किल्ली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सही असते. अशा विश्वासार्ह संस्थांची यादी मोबाईलमध्ये आधीच भरलेली असते. ॲपने नाव जुळते का, मुदत उरली आहे का आणि सही यादीतील संस्थेपर्यंत पोहोचते का, हे पाहायचे. तीनही कसोट्या उतरल्या तर दार उघडायचे. एक जरी चुकली तरी बंद ठेवायचे. हाच तो द्वारपाल.

'चाचणीपुरती' सवलत

दुर्दैव असे, की हा द्वारपाल शत्रूने मारला जाण्यापूर्वी अनेकदा घरच्यांनीच झोपवलेला असतो.

हे कसे घडते? एक तरुण प्रोग्रामर ॲप लिहितो आहे. त्याच्या कार्यालयातील चाचणीच्या सर्व्हरला मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नाही, त्याने घरीच बनवलेले एक तात्पुरते प्रमाणपत्र बसवले आहे. मोबाईल ते नाकारतो. द्वारपाल आपले काम चोख करतो आहे. पण काम उद्या दाखवायचे आहे, वरिष्ठांचा तगादा आहे. मग तो इंटरनेटवर शोधतो आणि त्याला चार-सहा ओळींचा एक तुकडा सापडतो. त्याचा अर्थ इतकाच, की कोणतेही प्रमाणपत्र आले तरी होय म्हण. तो तुकडा डकवला की अडथळा नाहीसा होतो. 'चाचणीपुरतेच आहे, नंतर काढू' असे तो स्वतःला बजावतो. ते 'नंतर' कधी येत नाही. ॲप तसेच लोकांच्या हाती जाते. ते उत्तम चालते, आणि म्हणूनच कोणाला संशय येत नाही.

ही कल्पनेतील भीती नव्हे. जर्मनीतील हॅनोव्हर आणि मारबुर्ग येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अँड्रॉइडवरील १३,५०० लोकप्रिय मोफत ॲप्स तपासली. त्यांपैकी १,०७४ ॲप्समध्ये प्रमाणपत्राची तपासणी धोकादायक रीतीने सैल केलेली आढळली. पुढे १०० ॲप्स निवडून त्यांनी प्रत्यक्ष मध्ये बसून पाहिले, तेव्हा ४१ ॲप्सनी बनावट प्रमाणपत्र स्वीकारून आपली गुपिते त्यांच्या हाती दिली. त्यांत बँक खाती आणि क्रेडिट कार्डे यांचे तपशील होते. एका विषाणूरोधक ॲपला तर बनावट सूचना पाठवून रोगाची ओळखच विसरायला लावता आली. वैद्यालाच विष पाजावे, तसा हा प्रकार.

मोठ्यांच्या घरीही हे घडते. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. कारण काय, तर सही तपासणाऱ्या भागात एकच ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. त्या जादा ओळीमुळे तपासणीचा शेवटचा टप्पा गाळला जाई आणि 'सारे ठीक' असा निर्वाळा मिळे.

त्यानंतर बरीच सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. ॲपलने २०१५ मध्ये आणि अँड्रॉइडने २०१८ मध्ये उघड्या, कुलूपविरहित जोडण्या मूळातच बंद ठेवण्याचे धोरण स्वीकारले. अँड्रॉइडच्या २०१६ च्या आवृत्तीपासून चाचणीची सवलत वेगळ्या नोंदीत लिहिता येते आणि ती केवळ चाचणीच्या आवृत्तीतच लागू होते. म्हणजे 'काढायचे विसरलो' ही सबब आता उरलेली नाही. प्रमाणपत्राचा खर्च हेही कारण उरले नाही, कारण 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा व्यवस्था २०१५ पासून ते विनामूल्य देते. तरीही 'ओवॅस्प' या जागतिक सुरक्षा संघटनेने २०२४ मध्ये मोबाईल ॲप्सच्या दहा प्रमुख धोक्यांची यादी केली, तेव्हा असुरक्षित संपर्काला तिच्यात पाचवे स्थान द्यावे लागले. साधने सुधारली, सवय सुधारली नाही, असाच याचा अर्थ.

घरचा धडा

इथे कोणी म्हणेल, की प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था परक्या, त्यांच्यावर विसंबायचे कशाला? आपली स्वदेशी व्यवस्था का नको? प्रश्न रास्त आहे. स्वतंत्र राष्ट्राने आपल्या विश्वासाचा शिक्का स्वतःकडे राखावा, ही आकांक्षा योग्यच आहे. परंतु या वाटेवर आपण एकदा ठेचकाळलो आहोत आणि ती ठेच विसरता कामा नये.

२०१४ च्या जुलैमध्ये गूगलच्या ध्यानात आले, की त्यांच्या संकेतस्थळांच्या नावाने परस्पर काही प्रमाणपत्रे दिली गेली आहेत. ती आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या अधिकारातून निघाली होती. केंद्राची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती, असे चौकशीअंती नियंत्रक कार्यालयाने कळवले. केंद्राचे अधिकार तत्परतेने रद्द झाले, परंतु पत गेली ती गेलीच. गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारतीय नियंत्रकाच्या शिक्क्याची मान्यता सरकारी संकेतस्थळे, रिझर्व्ह बँक अशा मोजक्या सात नावांपुरती सीमित केली.

त्याआधी २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेची तिजोरी अशीच फुटली होती. तिच्या नावाने काढलेल्या गूगलच्या बनावट प्रमाणपत्राचा वापर इराणमधील सुमारे तीन लाख वापरकर्त्यांवर पाळत ठेवण्यासाठी झाला आणि त्याच सप्टेंबरमध्ये ती संस्था दिवाळखोरीत गेली. तो बनाव उघड कसा झाला, तेही उद्बोधक आहे. गूगलच्या ब्राउझरमध्ये गूगलच्या स्वतःच्या किल्ल्यांची खूण आधीच नोंदवलेली होती. शिक्का अधिकृत दिसत असूनही खूण जुळेना, म्हणून त्याने धोक्याचा इशारा दिला. काही ॲप्स आज हीच पद्धत वापरतात. मात्र तिलाही शिस्त लागते. राखीव किल्लीची खूण नोंदवून ठेवली नाही आणि मूळ किल्ली बदलावी लागली, तर ॲप आपल्याच सर्व्हरला परका समजून दार लावून घेते.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली, ती आपल्या प्रमाणपत्र-नियंत्रकाच्या शिक्क्याला त्यात स्थान असावे, याच हेतूने. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण शिक्का स्वदेशी असणे ही सुरुवात झाली. तो सांभाळणारा हात दक्ष असणे ही सिद्धी. विश्वास अभिमानाने मागता येत नाही, तो रोजच्या चोख कामाने मिळवावा लागतो.

संचालक मंडळाच्या टेबलावर

हे सारे आपल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिण्याचे कारण आहे. आपल्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचे संचालक आहेत, शाळेच्या समितीवर आहेत, रुग्णालयाचे वा सेवाप्रकल्पाचे विश्वस्त आहेत. 'आपलेही ॲप हवे' असा ठराव मंडळात येतो, तीन दरपत्रके मागवली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते आणि उद्घाटनाला नारळ फुटतो. त्या ॲपमध्ये सभासदांच्या ठेवी, विद्यार्थ्यांचे पत्ते, रुग्णांचे आजार आणि कार्यकर्त्यांचे दूरध्वनी क्रमांक असतात. इमारत बांधताना आपण सळईची जाडी विचारतो. ॲप बनवून घेताना काय विचारतो?

विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. बनवणाऱ्याला इतकेच म्हणावे, की मध्ये बनावट प्रमाणपत्र ठेवून तुमचे ॲप चालवून दाखवा. चांगल्या ॲपने तिथे जोडणी नाकारली पाहिजे. ते मुकाट्याने चालू लागले, तर देयक रोखून धरावे. दुसरे, टीएलएसच्या जुन्या आवृत्त्या सर्व्हरवर बंद आहेत का? तिसरे, सर्व्हरची खासगी किल्ली कोणाच्या ताब्यात आहे आणि प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी ते बदलण्याची जबाबदारी कोणाची? ही मुदत आता टप्प्याटप्प्याने घटत आहे. २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणण्याचे जागतिक मंचाने ठरवले आहे. म्हणजे 'बघू, आठवण आली की करू' हा कारभार चालणार नाही. आणि चौथे, केंद्राच्या 'सर्ट-इन' यंत्रणेने मान्यता दिलेल्या परीक्षकाकडून तपासणी झाली आहे का? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वाजवी सुरक्षा न राखणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, सभासदाने विश्वासाने दिलेली ठेव म्हणून हे करावे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. हे कुलूप फक्त वाटेचे रक्षण करते. दूरध्वनीवर पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्याला आपणच पैसे पाठवले, तर ते अत्यंत सुरक्षित मार्गाने त्याच्याकडे जातील. भामट्याच्या संकेतस्थळालाही कुलपाची खूण मिळू शकते. लोक त्या खुणेला सचोटीची हमी समजू लागले, म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ती खूणच काढून टाकली. ॲपमध्ये तर तशी कोणतीही खूण दिसत नाही. वापरणाऱ्याला काहीच दिसत नसल्यामुळे सारा भार लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर आणि लिहून घेणाऱ्याच्या जागरूकतेवर येतो.

आपल्या घराघरांतून आज मुले-मुली प्रोग्रामर होत आहेत. त्यांच्या वेतनाची चौकशी आपण कौतुकाने करतो. कधीतरी जेवताना हेही विचारून पाहावे, की बाळा, तुझ्या ॲपमधला द्वारपाल जागा आहे ना? कोणी पाहत नसताना केलेले काम चोख असावे, हे आपण त्यांना लहानपणी शिकवले. त्या शिकवणीची परीक्षा आता त्या चार-सहा ओळींत होते आहे.