प्रश्नाआधीचं उत्तर

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. बसता बसताच म्हणाले, "मास्तर, एक विचारू काय? पोराला गिटारच्या क्लासला घालायचंय. एक क्लासवाले म्हणतात, पहिले सहा महिने नुसती थिअरी. दुसरे म्हणतात, थिअरीचं नाव काढू नका, दोन महिन्यांत दहा गाणी वाजवून दाखवतो. खरं कोण बोलतंय?"

मी म्हणालो, "दोघंही खोटं बोलतायत."

गृहस्थ चहा पिऊन गेले. म्हातारा तिरसट झाला, असंच त्यांना वाटलं असणार. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि सांगायचं तर आधी स्वतःची दोन पापं कबूल करावी लागली असती. ती आज करतो.

मी गिटारचा उस्ताद नव्हे. जन्म शाळामास्तरकीत गेला, पेटी लहानपणापासून बोटांत आहे आणि कॉलेजात असताना मडगावहून आणलेली एक जुनी गिटार अजून घरात आहे. एवढ्या भांडवलावर मी प्रथम माझ्या पुतण्याला शिकवायला बसलो. पोरगा अकरा वर्षांचा. मला वाटलं, पाया पक्का हवा. म्हणून वही घेतली. नाद म्हणजे काय, श्रुती किती, सप्तकं तीन, थाट दहा. शिवाय गिटार परदेशी वाद्य, म्हणून पाच रेघा आखून त्यावर टिंबं. पोरगा हुशार. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव असे दहाही थाट त्यानं पाढ्यासारखे पाठ केले. गिटार मात्र कोपऱ्यात खोळीतच. चौथ्या महिन्यात तो म्हणाला, "काका, उद्यापासून क्रिकेटला जाऊ?" मी रागावलो. तो गेला तो गेलाच. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, आणि घरात गाण्याचा विषय निघाला की हसत म्हणतो, "मला बाबा गाण्यातलं काही कळत नाही." हे वाक्य त्याला मी शिकवलं.

दुसरं पाप मुलीच्या बाबतीत. पुतण्याचा धडा घेऊन मी पार दुसऱ्या टोकाला गेलो. तिला मुद्दाम अशा क्लासला घातलं, जिथे शास्त्राचा वाराही नव्हता. तीन वर्षं गेली. पोरगी पस्तीसेक गाणी झकास वाजवू लागली, गॅदरिंगमध्ये टाळ्या घेऊ लागली. मग गल्लीच्या गणपतीत शेजारच्या कन्नड काकूंच्या गाण्याला तिनं साथ करायची ठरलं. गाणं तिच्या हातातलं, 'जी'मध्ये बसवलेलं. आपल्या भाषेत पांढरी पाच. काकूंना लागली काळी पाच. मुलगी थबकली. पेटीवाला म्हणाला, "अगं, तीन घरं वर सरक की!" ती त्याच्याकडे बघतच राहिली. कॅपो तिच्या पिशवीत होता. तो तिसऱ्या फ्रेटवर लावून तेच कॉर्ड, त्याच बोटांनी वाजवले असते तरी काम झालं असतं. पण कुठल्या गाण्याला कॅपो कुठे लावायचा एवढंच तिला पाठ होतं. कॅपो करतो काय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. काकू पेटीवरच गायल्या. मुलगी मंडपाच्या मागे जाऊन रडली. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

एकाला प्रश्न पडायच्या आधी मी उत्तरं कोंबली आणि दुसरीला प्रश्न पडूनही उत्तर मिळू दिलं नाही. म्हणून मी म्हणतो की वाद चुकीचा आहे. थिअरी पहिल्या महिन्यात की पहिल्या वर्षानंतर, हा कॅलेंडरचा प्रश्नच नव्हे. मूल 'का?' विचारतं, ती वेळ. त्याआधी नाही आणि त्यानंतर एक दिवसही उशीर नाही.

हे आपल्या भागातल्या माणसांना तरी कळायला हवं. आपली पोरं घरात मराठी बोलतात आणि दाराबाहेर कन्नड. भाजीवालीकडे "एष्टु?" विचारण्याआधी त्यांना कुणी विभक्तिप्रत्यय शिकवले? ऐकलं, बोलली, चुकली, कुणी हसलं, सुधारली. व्याकरण आधी आणि बोलणं नंतर, असं म्हटलं असतं तर आपली अर्धी पोरं मुकी राहिली असती. इथवर 'थिअरी नको'वाले माना डोलावतील. त्यांनी पुढचंही ऐकावं. मी साठ वर्षं अस्खलित कन्नड बोलतो. बाजारात मला कुणी परका समजत नाही. पण लिपी मी कधी नीट शिकलो नाही. गरज नाही म्हणालो, काही वेळा हट्टानंही म्हणालो. परिणाम हा, की कचेरीत अर्ज समोर आला की मी शेजारच्या पोरसवदा माणसाला म्हणतो, "जरा वाचून सांगता काय?" बोलता येतं तेवढ्यावर माणूस बाजारापर्यंत जातो, कचेरीत अडतो. माझी मुलगी मंडपात अशीच अडली.

आता 'थिअरी' म्हणजे काय, हे आधी ठरवू. आपल्याकडे या शब्दाचा घोटाळा आहे. पाच रेघांवरची टिंबं किंवा भातखंड्यांच्या पद्धतीतली स्वरांखालची आडवी रेघ आणि टिंब, ही लिपी. शास्त्र म्हणजे स्वरांचं एकमेकांशी असलेलं नातं. लिपी न येता नातं कळू शकतं. "बीटल्सना कुठे नोटेशन वाचता येत होतं?" असं शास्त्राचे विरोधक विचारतात. खरंच येत नव्हतं. पण ती पोरं १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवत होती, आणि कुठल्या कॉर्डनंतर कुठला गेला तर काय होतं, हे त्यांच्या कानाला पक्कं ठाऊक होतं. त्यांना लिपी येत नव्हती. शास्त्र येत होतं.

ते शास्त्र किती साधेपणी शिकवता येतं, ते सांगतो. मुलाला 'ई मेजर' धरता येऊ लागला की त्याला म्हणावं, तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमधलं बोट उचल आणि पुन्हा वाजव. तीच तार मोकळी वाजते आणि कॉर्ड 'ई मायनर' होतो. उजेड होता तिथे सावली आल्यासारखं वाटतं, आणि ते लहान मुलालाही ऐकू येतं. तो वर बघून विचारतो, "असं का झालं?" आता सांगा: 'ई'ला सा मान. तुझ्या बोटाखाली शुद्ध गंधार होता. तू बोट उचललंस, तो एक घर खाली उतरून कोमल झाला. बाकी काही हललं नाही. मेजर आणि मायनर यांतलं मुख्य गुपित या एका बोटात आहे. माझ्या पुतण्याला हे मी वहीत लिहून दिलं होतं. त्याला ते ऐकवलं असतं तर?

ही काही माझी नवी युक्ती नव्हे. कर्नाटक संगीतात पहिल्या धड्यालाच सरळी वरसे गाऊन घेतात. परंपरा त्याचं श्रेय पुरंदरदासांना देते. मूल मायामालवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरव थाटाच्या स्वरांत, स रि ग म म्हणतं. तोंडात नाव आणि गळ्यात स्वर एकाच वेळी. आपले अलंकार, पलटे तेच करतात. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून पोरांना सोल्फेज शिकवत तेही गाऊनच, आणि जोडीला व्हायोलिन. तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गेले आणि समोर ठेवलेला कागद वाचून वाजवू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'त त्यांचं नाव गाण्यात घालून गुरूला मानवंदना दिली. शास्त्रानं भावना मरते म्हणणाऱ्यांनी त्या काळची गाणी ऐकावीत आणि सांगावं, भावना कुठे मेली?

आणि आपल्या दाराशीच एक उदाहरण आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा जन्मला. घर कन्नड. पोरगा थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात असे, इतका की दहा-बारा वर्षांचा असतानाच मैफली गाजवू लागला. कुमार गंधर्व म्हणून जग त्याला ओळखतं. शास्त्र नकोच असतं तर त्याला आणखी काय हवं होतं? पण मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याची रीतसर तालीम झाली. जे गळा नकळत करत होता, ते का आणि कसं हे तिथे कळलं. पुढे हाच माणूस देवासला राहून नवे राग बांधतो आणि 'अनूपरागविलास'सारख्या ग्रंथात आपल्या बंदिशी स्वरलिपीसह देतो. क्रम बघा: कान, गळा, मग 'का?', आणि शेवटी लेखणी. देवधरांकडचं शिक्षण आधी झालं असतं तर तो मुलगा कदाचित कंटाळला असता. झालंच नसतं, तर लोक त्याला चांगला नकलाकार म्हणून विसरले असते.

मग क्लासवाले हा क्रम का मोडतात? त्यात धंद्याचा हिशोब आहे. नुसती थिअरी शिकवायला एक फळा पुरतो आणि वीस पोरं एका खोलीत बसतात; वीस गिटारी लावून देण्याचा त्रास वाचतो. नुसती गाणी शिकवली की गॅदरिंगला निकाल दिसतो आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश भरतात. एकेका मुलाच्या 'का?'साठी थांबणं दोघांनाही परवडत नाही. पण त्यांना कशाला बोल लावू? त्यांना गिऱ्हाईक आपण पुरवतो. एका बापाला भिंतीवर सर्टिफिकेट हवं असतं, दुसऱ्याला मोबाइलवर नातेवाइकांना पाठवायला व्हिडिओ. मुलाला काय कळलं, हे विचारणारा पालक मी तरी क्वचितच पाहिला. मीही विचारलं नव्हतं.

तर त्या गृहस्थांना मी जे सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. पहिला महिना-दीड महिना बोटांची टोकं दुखतात. तेव्हा लय, दोन-तीन कॉर्ड, तार लावताना कान देणं, बस्स. तारांची नावं घरातल्या माणसांच्या नावांसारखी, येता जाता. कॉर्ड न थांबता बदलू लागले की वर सांगितलेला गंधाराचा खेळ. मग एक टेप आणून तार मोजायला लावा. पुष्कळ गिटारींत ती साधारण ६५ सेंटिमीटर भरते, आणि बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर येतो. तिथे तोच स्वर वरच्या सप्तकात भेटतो. पोराला गणिताचा आणि गाण्याचा धागा हातात सापडतो. मग कॅपो आणि घरं मोजणं, म्हणजे कुणी काळी पाच मागितली तर तोंड लपवावं लागणार नाही. मग सा, म आणि प यांवरचे तीन कॉर्ड, म्हणजे 'जी'मध्ये जी, सी आणि डी; एवढ्यांवर किती गाणी उभी राहतात ते त्यालाच शोधू द्या. मग भूप वाजवा. शेजारचं कन्नड पोर त्याला मोहन म्हणेल, स्वर तेच पाच. लिपी त्यानंतर. पोरानं स्वतः एखादी चाल बांधली आणि उद्या विसरेन अशी त्याला भीती वाटली, की कागद पुढे करा. परीक्षा सगळ्यांत शेवटी, आणि नाही दिली तरी चालेल.

"पण आमचा पोरगा काही विचारतच नाही," असं कुणी म्हणेल. बहुतेक पोरं विचारतात. आपण आणि शाळेनं मिळून त्यांना गप्प बसवलेलं असतं. मीही मास्तर होतो, मला ठाऊक आहे. अशा वेळी प्रश्न पेरावा लागतो. बोट उचलायला लावा आणि विचारा, काय बदललं? वर्षभरात एकही 'का?' आला नाही, तर मुलाला नव्हे, क्लास बदला.

गेल्या महिन्यात तेच गृहस्थ पुन्हा रस्त्यात भेटले. पोरगा अजून कुठल्याच क्लासला गेलेला नाही. मी म्हणालो, रविवारी पाठवून द्या. तो आला, सोबत खालच्या मजल्यावरचा त्याचा कन्नड मित्रही आला. दोघांत मिळून माझी जुनी गिटार. आधी तीन आठवडे नुसती टोकं दुखली. गेल्या रविवारी 'ई'वरचं बोट उचलायला लावलं. एकानं विचारलं, "का?" आणि दुसऱ्यानं, "याक?"

मुलगी आतल्या खोलीत होती. तिनं हाक मारली, "बाबा, थांबा, मी सांगते त्यांना."