घाट, रचना, भाषा आणि एक तयार वाक्य

आमच्या एका स्नेह्यांची कन्या इंग्लंडमध्ये अकरावीत शिकते. तिकडची अकरावी म्हणजे आपल्याकडची दहावी; शेवटी जी.सी.एस.ई. नावाची परीक्षा. गेले काही महिने रविवारी संध्याकाळी ती संगणकापलीकडून आमच्यासमोर कविता घेऊन बसते. एकदा तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली, तेव्हा तीन निरनिराळ्या कवितांखाली एकच वाक्य लिहिलेले दिसले : एन्जॅम्बमेंटमधून गोंधळ व्यक्त होतो. वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत ओघळते, त्याला हे नाव. "काका, हे कुठेही चालतं," ती म्हणाली. तिच्या स्वरात बेफिकिरी नव्हती, उपयोगी वस्तू सापडल्याचे समाधान होते. आम्हांला अस्वस्थ केले ते या समाधानाने.

अशा वेळी परीक्षेच्या नावाने बोटे मोडण्याची प्रथा आहे. परीक्षेने कविता मारली, असे म्हणून सुस्कारा सोडला की आपण रसिक ठरतो. आम्हांला हा मार्ग पटत नाही. इंग्रजी साहित्याच्या या अभ्यासक्रमाची चार उद्दिष्टे आहेत. त्यांपैकी दुसरे असे सांगते की लेखकाने अर्थ आणि परिणाम घडवण्यासाठी योजलेली भाषा, घाट आणि रचना यांचे विश्लेषण करावे. परिभाषाही वापरावी, पण जेथे उचित असेल तेथे. वाङ्मयाच्या अभ्यासाची याहून नेटकी व्याख्या आम्हांला तरी चटकन करता येणार नाही. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल यांवर ज्यांचे कान तयार झाले, त्यांना तर यात आपल्याच घरचे काही ऐकू यावे. ए.क्यू.ए. या परीक्षा मंडळाच्या काव्यसंग्रहावरील प्रश्नाला ३० गुण असतात, त्यांतले १२ या उद्दिष्टाचे. म्हणजे जे महत्त्वाचे त्याला मानही दिलेला आहे.

मग बिघडते कोठे? आमच्या मते 'जेथे उचित असेल तेथे' हे शब्द वर्गात पोहोचेपर्यंत गळून पडतात, आणि 'घडवण्यासाठी' या शब्दाचा जोरही उतरतो. उरते ती यादी. विद्यार्थी कवितेत अलंकार हुडकतो, त्याला नाव देतो, आणि त्या नावाला चिकटलेला ठरीव अर्थ लिहून मोकळा होतो. विधान, पुरावा, स्पष्टीकरण असा परिच्छेदाचा साचाही हाताशी असतो. साचा वाईट नाही. पण साच्यात ओतायला काही लागते.

ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' ही १८४२ सालची कविता घेऊ. या काव्यसंग्रहाच्या सत्ता आणि संघर्ष या विभागात ती आहे. एक सरदार आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र एका पाहुण्याला दाखवतो आणि बोलत सुटतो. ५६ ओळी, सगळ्या यमकांच्या जोड्यांत बांधलेल्या. पण कविता मोठ्याने वाचली तर ती यमके जवळजवळ ऐकूच येत नाहीत, कारण वाक्ये ओळींच्या टोकांवर थांबत नाहीत. येथे 'गोंधळ' लिहिणे म्हणजे कवितेचा अर्थच उलटा करणे होय. हा माणूस गोंधळलेला नाही. आपल्याला वक्तृत्व साधत नाही असे तो विनयाने सांगतो, आणि तेही बिनचूक यमकांत! पकड पक्की आहे, फक्त ती दिसू द्यायची नाही, हा त्याचा स्वभाव. आणि कवितेचा घाटही नेमका तेच करतो. पाहुण्याला एकही वाक्य बोलायला मिळत नाही, हाही घाटाचाच भाग.

रचनेचे तसेच. बायकोचे काय झाले ते दोनतीन तुटक वाक्यांत उरकले जाते आणि बोलणे सरळ पुढच्या सोयरिकीच्या हुंड्याकडे वळते. भय त्या वळणाच्या वेगात आहे. कोणताही एक शब्द सुटा काढून ते दाखवता येणार नाही. भाषेचा विचार करायचा, तर शीर्षकातले विशेषणच पुरे. मराठीत आणताना आमची पंचाईत झाली. 'शेवटची' म्हटले तर पुढे कोणी नाही असे होते. 'मागची' म्हटले तर मृत्यूची छाया जाते. इंग्रजी शब्द दोन्ही अंगांनी ऐकू येतो आणि कविता त्या दोहोंच्या मध्ये उभी आहे.

याच विभागात विल्फ्रेड ओवेनची 'एक्स्पोजर' आहे. खंदकातले सैनिक, थंडी, वाट पाहणे. पाच ओळींची आठ कडवी, आणि प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आखूड. आम्ही त्या मुलीला विचारले, ओळ आखूड पडली की काय होते? ती म्हणाली, "नोट्समध्ये लिहिलंय, तणाव." मग आम्ही तिला तिच्या आजीच्या तोंडचा एक अभंग आठवायला सांगितला. मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. तोही आखूडच. पण तेथे तणाव नसतो, विसावा असतो. यमक आधीच जुळलेले असते आणि चौथ्या चरणावर मन टेकते. ओवेनमध्ये यमक पुरते जुळतच नाही, व्यंजने मिळतात आणि स्वर निसटतो. त्यामुळे आखूड ओळीवर टेकायला जावे तर खाली काही नाही. शिवाय काहीच घडत नसल्याचे तेच निवेदन पहिल्या कडव्याच्या अखेरीस येते आणि शेवटच्याही. साधन एक, परिणाम दोन. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आखूड ओळीला स्वतःचा अर्थच नाही?"

बरोबर हेच. घाटाला कोशातला अर्थ नसतो. तो त्या त्या कवितेत, शेजारच्या ओळींच्या संगतीत घडतो. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये कवीचे नाव झाकून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये तपासले. वाचनातल्या अडचणींच्या त्यांच्या यादीत ठरीव प्रतिसाद आहेत, तसे तंत्राविषयीचे पूर्वग्रहही आहेत. पुढे शाळेत स्थिरावलेली बारकाईने वाचण्याची शिस्त बरीचशी त्या परंपरेतली. त्याच शिस्तीने आज ठरीव प्रतिसादांची नवी पिढी जन्माला घालावी, हा दैवदुर्विलास म्हणायचा.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. २०१५ पासून शिकवल्या जाऊ लागलेल्या आणि २०१७ साली प्रथम परीक्षा झालेल्या या अभ्यासक्रमात पुस्तक जवळ ठेवता येत नाही. दुसऱ्या पेपरला सव्वादोन तास. त्यांत एक आधुनिक साहित्यकृती, संग्रहातल्या दोन कवितांची तुलना आणि न वाचलेल्या दोन कविता. तुलनेसाठी एक कविता छापून मिळते, दुसरी आठवून लिहायची. म्हणून मुले अवतरणांचे तुकडे पाठ करतात. येथे आम्हांला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आठवणीत शब्दांपेक्षा आकार अधिक टिकतो. कविता कोठे सुरू होते, कोठे वळते, कोण बोलतो, कोणाला बोलू दिले जात नाही, शेवट मिटतो की उघडा राहतो, हे एकही ओळ पाठ नसताना सांगता येते. शेलीच्या 'ओझिमॅंडियस'मध्ये निवेदक एका प्रवाशाचे बोलणे सांगतो, आणि त्या बोलण्याच्या आत शिलालेखाची गर्वोक्ती येते. राजाचा आवाज असा दोन तोंडांतून गाळून आपल्यापर्यंत पोहोचतो, तोवर त्याची सत्ता उरलेली नसते. हे लिहायला अवतरण लागत नाही. तरीही घाट आणि रचना यांच्यावरचा परिच्छेद बहुधा शेवटी, वेळ उरला तर लिहिला जातो, आणि तेव्हा ते तयार वाक्य धावून येते.

गेल्या रविवारी तिने 'एक्स्पोजर'वरचे उत्तर वाचून दाखवले. तणावाचे वाक्य खोडले होते. त्या जागी आखूड ओळीविषयी पाच वाक्ये होती. त्यांतली दोन अडखळती, एक आमच्या मते चुकीचे. एन्जॅम्बमेंट हा शब्द कोठेच नव्हता. "गुण कापतील का?" तिने विचारले. आम्ही म्हटले, तो शब्द येथे उचित असता तर लागला असता. मग ते चुकीचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले, आणि त्यावर आमचा पाऊण तास वाद झाला.