मातीच्या धरणाचा धनी कोण?

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे गावचे मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि त्याच्या खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. धरणाची साठवण जेमतेम अडीच दशलक्ष घनमीटर. कोयनेच्या मानाने ओंजळभर पाणी. बांधून पुरी वीस वर्षेही झालेली नव्हती. धरणाला गळती आहे हे ग्रामस्थांनी दुर्घटनेपूर्वीच अधिकाऱ्यांच्या कानावर घातले होते. पुढे तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी फुटीचे खापर खेकड्यांवर फोडले आणि सारा महाराष्ट्र हसला. त्या हशात खरा प्रश्न मात्र विरून गेला.

खेकडे, उंदीर, घुशी बांधात बिळे करतात, यात खोटे काही नाही. म्हणूनच तर पावसाळ्याच्या तोंडावर बांधाची पाहणी करावयाची असते, बिळे बुजवावयाची असतात, माथ्यावर व उतारावर वाढलेली झाडे काढावयाची असतात. खेकड्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे देखभाल झाली नाही याची कबुली देणेच होय. शासनाच्या हे ध्यानात आले नसावे.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. पोटात चिकणमातीचा गाभा, दोहो बाजूंस मुरमाचे आवरण, पाण्याकडच्या उतारावर दगडी अस्तर, मागच्या पायथ्याशी पाझर निचरून नेणारा दगडगोट्यांचा थर आणि जादा पाण्याला वाट देणारा सांडवा, अशी ती रचना असते. प्रत्येक मातीचे धरण थोडेफार पाझरतेच. पाझर नितळ असेल व वाढत नसेल तर भिण्याचे कारण नाही. तो गढूळ झाला की बांधाच्या पोटातली माती वाहू लागली असे समजावे. मग आत नळीसारखी पोकळी पडते, ती मागे सरकत सरकत साठ्यापर्यंत पोहोचते, आणि त्यानंतर धरण टिकण्याचा प्रश्न काही तासांचाच उरतो. दुसरा धोका पाणी माथ्यावरून जाण्याचा. दगडी भिंत ते काही काळ सोसते, मातीला ते सोसवत नाही. 1979 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतील मच्छू धरणाचे मातीचे बाहू असेच वाहून गेले आणि मोरवी शहरावर लोंढा आला. आपल्याकडे साठा वाढावा म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणारे, घरापुढे पसरण्यासाठी बांधाचाच मुरूम खणून नेणारे महाभाग गावोगाव आहेत. त्यांनाही दोष दिला पाहिजे.

ही लक्षणे ओळखण्यास पदवी लागत नाही. खालच्या ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बाईला पाण्याचा रंग पालटलेला अभियंत्याच्या आधी दिसतो. तिच्या सांगण्यासाठी मात्र कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही.

याच्या मुळाशी एक साधे अर्थकारण आहे. नव्या बांधकामास भांडवली खर्चातून पैसा मिळतो. त्यासाठी कंत्राट निघते, कोनशिला बसते, भाषणे होतात. दुरुस्तीचा पैसा चालू खर्चातून यावयाचा, आणि तिजोरीत तूट आली की पहिली कात्री तेथेच लागते. लहान तलावाची पाणीपट्टी ती किती येणार! पाझर तलावाला तर कालवाच नसतो. त्याचे पाणी जमिनीखालून विहिरींत उतरते, तेव्हा पट्टी कोणावर बसवावी हाच प्रश्न. शिवाय देखभालीवर खर्चलेल्या रुपयाचे फळ म्हणजे न घडलेला अनर्थ. तो कोणत्याही हिशेबात जमेस धरला जात नाही.

मग असली धरणे बांधूच नयेत काय? असे म्हणणाऱ्याने 1972 च्या दुष्काळाचा इतिहास वाचावा. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमी योजनेवर लाखो हातांनी जे पाझर तलाव व बांध उभे केले, त्यांनी कोरडवाहू महाराष्ट्रातील असंख्य विहिरी तगवल्या. मोठ्या कालव्याचे पाणी जेथे कधीच चढणार नाही, तेथे गावच्या नाल्यावरचा हा बांधच शेतकऱ्याचा आधार आहे. पण त्यातही न्यायाचा प्रश्न दडलेला आहे. ज्या भूमिहीनाने डोक्यावरून माती वाहिली त्याला मजुरी मिळाली आणि त्याचा संबंध तेथेच संपला. पाणी विहीरवाल्याला मिळाले. बांध फुटला तर लोंढा मात्र प्रथम ओढ्याकाठच्या सखल जागेतील घरात शिरणार, आणि तेथे राहणारा बहुधा विहीरवाला नसतो. लाभ एकाचा, जोखीम दुसऱ्याची! सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी 1980 च्या दशकात चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभारले, तेव्हा भूमिहीन कुटुंबालाही पाण्यात समान वाटा असावा, हे तत्त्व पुढे ठेवले. ज्याला वाटा आहे तोच राखण करतो, इतके साधे शहाणपण त्यामागे होते.

2021 साली संसदेने धरण सुरक्षा अधिनियम केला. पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी, दुरुस्तीसाठी राखीव निधी, आपत्कालीन कृती आराखडा अशी बंधने त्याने धरणाच्या मालकावर घातली, हे स्वागतार्हच. तथापि हा कायदा पंधरा मीटरांहून उंच धरणांस लागू आहे. दहा ते पंधरा मीटरांमधील धरणे लांबी, साठवण आदी अटींनुसार त्यात येतात. तिवऱ्याच्या आकाराचे धरण यात बसते. दहा मीटरांखालचे गावतलाव व पाझर तलाव सरसकट बाहेर राहिले. खाली किती घरे आहेत, यावरून कायद्याची कक्षा ठरलेली नाही. आठ मीटरांच्या बांधाखाली वस्ती असेल तर तिने कोणाकडे जावे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ही उणीव भरून काढण्याचे काम ग्रामसभेकडे घेता येईल. 1 मेच्या ग्रामसभेनंतर मृगाच्या पावसाला पाचएक आठवडे उरतात. त्या सभेत गावाच्या वरच्या अंगाच्या प्रत्येक बांधाचा पाहणी अहवाल जाहीर वाचून दाखवण्याची मागणी कार्यकर्त्यांनी केली पाहिजे. तलाव जिल्हा परिषदेचा की जलसंधारण खात्याचा, याचे उत्तर लेखी घ्यावे. दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा तो कोणाचाच नसतो. सभेपूर्वी ओढ्याकाठच्या घरांतील चार माणसे, त्यांत स्त्रिया, बरोबर घेऊन बांधाचा पायथा चालून पाहावा, सांडवा मोकळा आहे की नाही ते पाहावे, आणि पाझर गढूळ दिसल्यास त्याच दिवशी तहसीलदाराकडे अर्ज देऊन त्याची तारखेसह पोच घ्यावी.