पावसाची नोंद कोणाच्या मालकीची?

कळमनुरीच्या शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास २,६०० कोटी रुपयांची मान्यता दिली. या शास्त्राचा एक दंडक अनुकरणीय आहे. अमेरिकेतील वेधशाळांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिल्या लहरीचा शोध जाहीर केला, त्याच वेळी तिची मोजमापेही जगभरच्या अभ्यासकांना खुली केली. अब्जाहून अधिक प्रकाशवर्षे दूरच्या घटनेची नोंद कोणालाही पडताळता येते. मग कळमनुरीच्या शिवारात पडलेल्या पावसाची का येऊ नये?

यंत्रणाच नाही, असे नव्हे. हवामान विभागाने १९०१ पासूनची दैनंदिन पर्जन्यमानाची आकडेवारी विनामूल्य उपलब्ध केली आहे, हे स्वागतार्हच. परंतु ती सुमारे २५ किलोमीटरच्या चौकोनांची, गणिताने काढलेली. अशा एका चौकोनात तालुक्याचा मोठा भाग सामावतो. एका शिवारात ढगफुटी आणि पलीकडे कोरडे ऊन, हा मराठवाड्याचा नित्याचा अनुभव त्यात विरून जातो.

ती उणीव राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पातील केंद्रे भरून काढू शकतात. दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत खासगी कंपनीच्या सहभागाने ती उभारली गेली. रोजचा पाऊस पाहायला मिळतो. पण रोजचा आकडा दिसणे वेगळे आणि सलग नोंद तिच्या इतिहासासह अभ्यासकाच्या हाती येणे वेगळे. यंत्र कधी बसले, कधी बंद पडले, जवळ झाड वाढले काय, हे कळल्यावाचून आकड्यावर विश्वास कसा ठेवावा? आणि प्रश्न केवळ प्रबंधांचा नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तरच मंडळात अतिवृष्टी मानली जाते. काटा ६४ वर थांबला तर सोयाबीन पाण्यात गेलेल्या शेतकऱ्याने दाद कोणत्या पुराव्यावर मागावी?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्मक, अवंती, अपरांत अशा प्रदेशांचे पर्जन्यमान नमूद आहे, तेही कृषिखात्याच्या प्रकरणात. पाऊस मोजायचा तो पेरणीसाठी, ही दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे.

नोंदींना व्यापारी मूल्य आहे, असा युक्तिवाद होतो. असेलही. पण केंद्र सरकारचे माहिती खुली करण्याचे धोरण २०१२ चे आहे आणि जागतिक हवामान संघटनेनेही २०२१ मध्ये मूलभूत नोंदींच्या मुक्त देवाणघेवाणीचा ठराव केला. कळमनुरीच्या मंडळांच्या संपूर्ण नोंदी, यंत्रदुरुस्तीच्या तपशिलासह, परभणीचे कृषी विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ यांना विनाअट द्याव्यात; आरंभास एवढेही पुरे.