सांगू नका, जुडी निवडायला बसा

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला आरोग्यावरचे सल्ले फार ऐकावे लागतात. गिऱ्हाईक गरम पोळ्यांसाठी थांबलेलं असतं, हातात मोबाइल असतो आणि सकाळी कुणीतरी पाठवलेला मजकूर ते मला मोठ्याने वाचून दाखवतं. हिरव्या भाज्या खा, रोज चाला, साखर सोडा. वाचून झालं की विचारतं, ‘‘आज बटाट्याची भाजी आहे ना?’’

या मजकुरांवर माझा राग नाही. त्यातलं बरंचसं खरंच असतं. पण एकमेकांना प्रोत्साहन देणं म्हणजे नुसतं सांगणं, अशी आपली समजूत झाली आहे. सांगायला काहीच लागत नाही. भाजी निवडायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरातल्या त्याच एका माणसाचा जातो. घरात भाजी जास्त खाल्ली जावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने तोंड जरा बंद ठेवून हात चालवावेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

आधी हिशेब बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट त्यात मांडून दाखवलं आहे. भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम. सगळं कच्च्या वजनात. म्हणजे पोळी-भाताच्या धान्यापेक्षा भाजीचं वजन जास्त. आपल्याकडे बरोबर उलटं. माझ्याकडे भाजीचा लहान डबा दीडशे ग्रॅमचा, तो दोघांत पुरवतात आणि वर पोळ्या सहा नेतात. जागतिक आरोग्य संघटनाही फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम म्हणते, पण त्यात बटाटा धरत नाही. रताळंही नाही. हे ऐकलं की माझ्या गिऱ्हाइकांचं तोंड उतरतं. बटाटा वगळला तर डोंबिवलीकराच्या आठवड्यातले सोमवार, गुरुवार आणि वडापाव, सगळंच बाद होतं.

बटाटा एवढा का खपतो, हे कळायला आहारतज्ज्ञ लागत नाही. काचऱ्या पाव तासात होतात. आता मेथी घ्या. आमची मेथी कल्याणच्या बाजार समितीतून येते. जुन्नर-ओतूरकडचा माल माळशेज घाट उतरून रात्रीतून येतो, पहाटे जुड्या हातात पडतात. जुडी सोडायची, मुळं कापायची, मातीची ढेकळं झटकायची. मधेच गवताची काडी, एखादं पिवळं पान, कधी गोगलगाय. मग एकेक काडी हातात घेऊन पानं खुडायची. तीन पाण्यांतून काढायची, तिसऱ्या पाण्यातही तळाला रेती दिसली तर चौथं. निथळू द्यायची, चिरायची. कढईत टाकताना डोंगर असतो, झाकण बसत नाही. लसणीच्या फोडणीवर परतली की खाली बसते ती दोन वाट्या. चौघांच्या ताटात मिळून दोन-दोन घास. आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, ‘‘आज एवढीच?’’

मेथीचं हे, तर बाकीच्यांचं बोलायलाच नको. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, तेव्हा डाळिंब्या होतात. केळफुलाला हाताला तेल लावून बसायचं. प्रत्येक बारक्या फुलातला न शिजणारा कडक दांडा आणि त्याच्याजवळचा पापुद्रा काढायचा. एका केळफुलात अशी फुलं किती असतात ते सोलणाऱ्याने सांगावं. पावसाच्या तोंडाला मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका स्टेशनाबाहेर शेवळं घेऊन बसतात. शेजारी काकडांचा ढीग असतो, कारण त्याच्या रसाशिवाय शेवळं शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. मग टाकळा येतो, भारंगी येते, करटोली येतात. गाडी पकडायला पळणारी पोरं थबकतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. विकत घेणारी बहुतेक माझ्या वयाची. आता तर त्यांतल्याही कितीतरी जणी शेवळं माझ्याकडे आणून टाकतात, ‘‘तू करून दे, आम्ही पैसे देतो.’’ मी देते. माझा तो धंदाच आहे. पण चव आवडते आणि निवडणं झेपत नाही, ही गोष्ट तिथेच दिसते.

सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात बायका बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. त्यातही गंमत अशी की ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे. जे लावतच नाहीत ते त्यात मोजलेले नाहीत. अशा घरात ‘भाज्या वाढवा’ असं म्हणणं म्हणजे कुणाचं काम वाढवणं, ते उघड आहे. ती बाई वाद घालत नाही. शांतपणे फ्लॉवर आणते.

केंद्राबाहेर एक बाकडं आहे. संध्याकाळी साडेसहानंतर गाड्या ओतायला लागतात आणि बाकड्यावर गर्दी होते. एकदा मदतीची मुलगी आली नाही, मेथी तशीच पडलेली. मी वर्तमानपत्र पसरून जुड्या बाकड्यावरच ठेवल्या. बसलेल्या दोघी बायकांनी न सांगता हात घातला, अगदी बोलता बोलता. शेजारी एक काका मोबाइल बघत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायकोला साखर निघाल्यापासून मला रोज मेथीचे गुण ऐकवणारे. मी म्हटलं, ‘‘काका, हात मोकळे आहेत ना?’’ बिचारे लाजले, पण बसले. थोड्या वेळाने एक काडी वर धरून विचारतात, ‘‘हे कोवळं देठ ठेवायचं की टाकायचं?’’ सत्तरीच्या माणसाचा भाजीबद्दलचा हा बहुधा पहिलाच कामाचा प्रश्न असावा. (ठेवायचं. वाकवल्यावर कटकन मोडलं तर ठेवायचं.)

तेव्हापासून बाकड्यावर काही ना काही निवडायला असतंच. कुणी निवडतं, कुणी पाय वर घेऊन बसतं. एका तरुणाने मला ऐकवलं की गिऱ्हाइकाकडून काम करून घेणं बरोबर नाही. त्याचं चुकलं नाही, त्याला मी पोळ्या आधी देऊन मोकळी होते. पण काकांच्या घरी आता आठवड्यातून दोनदा तरी पालेभाजी घरीच होते, असं त्यांची बायकोच मला सांगते. माझं गिऱ्हाईक कमी झालं, होऊ दे.

याच काकांच्या घरी आधी काय होतं, तर काकूंची भाजी वेगळी. घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब निघाला की त्याचं पथ्य सुरू होतं आणि त्याचा डबा वेगळा होतो. माझ्याकडच्या मागणीवरून मला कोणत्या घरात कोण आजारी आहे ते कळतं. ‘‘एक दुधी, बिनतेलाची. आणि तीन पनीर.’’ ज्या माणसाला प्रोत्साहन द्यायचं त्याच्यासमोर बाकीच्यांनी पनीर खायचं आणि वर त्याला म्हणायचं, दुधी किती छान असतो नाही! महिनाभरात तो माणूस दुधीच्या नावाने शिमगा करतो. मला आता अशी मागणी आली की मी विचारते, चार दुधी देऊ का? दुधी तेवढा वाईट नसतो हो. चणाडाळ घालून, गोड्या मसाल्यावर केलेला दुधी मुलंही खातात. फक्त तो एकट्याच्या ताटात औषधासारखा पडता कामा नये.

ऋषिपंचमीला बघा. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून अळू, लाल माठ, दोडका, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, अंबाडी असं जे मिळेल ते एका पातेल्यात. तेलाचा थेंब नाही, कित्येक घरांत मसालाही नाही. या भाजीची मागणी माझ्याकडे गणपतीच्या आधीपासून लागते आणि संध्याकाळपर्यंत पातेलं पुसून जातं. भोगीच्या भाजीचं तेच. आणि हीच माणसं पुढच्या मंगळवारी पाटीवर ‘पडवळ’ वाचून नाक मुरडतात. पडवळ तेच असतं. त्या दिवशी घरातलं प्रत्येक जण ते खात होतं आणि कुणीच कुणाला त्याचे फायदे सांगत नव्हतं, एवढाच फरक.

भाजी महाग आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडत नाही. श्रावणात मेथीची जुडी चाळीस-पन्नासला जाते, हे मीच मोजते. पण तेव्हा मेथी हवीच कशाला? तेव्हा टाकळ्याचे, माठाचे, भोपळ्याचे दिवस असतात, आणि थंडीत तीच मेथी दहाला दोन म्हणून ओरडून विकतात. रुळांकाठी सांडपाण्यावर पिकवलेल्या पालेभाजीची भीती मात्र रास्त आहे. मध्य रेल्वेच्या खिडकीतून ती शेती आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. माल कुठला, हे विकणाऱ्याला विचारावं. न सांगणाऱ्याकडून घेऊ नये.

आता व्यायाम. तिथेही सांगणारे पुष्कळ. माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायका सकाळभर उभ्या असतात. दुपारी त्यांचे खांदे भरून येतात, पोटऱ्यांना गोळे येतात. ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ असं म्हणणाऱ्याने एक सकाळ पोळपाटापाशी उभं राहून बघावं. वाकून लादी पुसली तर अंग हलतं, ते मोजायला हरकत नाही. ओट्यापाशी उभं राहून दम लागत नाही, नुसते पाय सुजतात. २०२४ मध्येच लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासात भारतातल्या प्रौढांपैकी जवळपास निम्मे पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं. बायकांत ५७ टक्के, पुरुषांत ४२. पुरेशी म्हणजे फार नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं.

‘मी तर बारीक आहे’ हे आणखी एक उत्तर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावायचे. आणि याज्ञिकांनी आपल्याबद्दल मिश्कीलपणे लिहिलं होतं की लिफ्टचं दार बंद होण्याआधी ती धावत गाठणं हाच त्यांचा मुख्य व्यायाम. जलद लोकल पकडण्याला व्यायाम समजणाऱ्या आमच्या गावाने हा फोटो जिन्याजवळ लावायला हवा.

माझ्याकडच्या दोघी आता रात्री जेवणं आटोपल्यावर चालतात. सल्ल्याने नाही चालायला लागल्या. एक जण दुसरीच्या इमारतीखाली येऊन उभी राहते आणि हाक मारते. खाली माणूस ताटकळतंय म्हटल्यावर ‘आज कंटाळा आला’ असं म्हणता येत नाही. फोनवर अंगठा दाखवून कुणी सोफ्यावरून उठत नाही, पण खालून आलेल्या हाकेला उठावंच लागतं. मैदानातले दिवे लवकर जातात, रस्ता कायम खणलेला, म्हणून बिचाऱ्या सोसायटीच्या आवारातच फेऱ्या घालतात. रात्री दहापर्यंत मैदानात दिवे ठेवले तर या वेळेला मोकळ्या होणाऱ्या कितीतरी बायका तिथे येतील. निवडणुकीत व्यायामाची यंत्रं बसवून देण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

परवापासून त्यांच्यात तिसरी आली आहे. तिला रात्रीची वेळ जमत नाही, म्हणून तिघींनी वेळ सातची केली. सात म्हणजे कुकर लावायची वेळ. तिच्या नवऱ्याने ‘तू जा, मी बघतो’ म्हटलं आणि खरंच बघतोय. शिट्ट्या किती करायच्या हे विचारायला दुसऱ्या फेरीला त्याचा फोन येतो. ती न थांबता सांगते, ‘‘तीन. आणि तोवर ती गवार मोडून ठेव.’’